डोक्याचा मार आणि हक्काची भरपाई

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर विद्वान वक्त्यांनी धम्म, इतिहास आणि बाबासाहेबांचे विचार यांवर आपले मार्गदर्शन केले. आजचा आमचा विषय थोडा वेगळा वाटेल. डोक्याला मार लागून मेंदूला होणारी इजा आणि त्याबद्दल कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई, हा तो विषय. आम्ही डॉक्टर नाही की वकील नाही, बँकेत कारकुनी करतो. परंतु अपघातानंतर मोडून पडलेली घरे वस्तीत आणि बँकेच्या काउंटरवर आम्ही पाहतो. तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही. त्याचे कारण, त्याचे निवारण आणि निवारणाचा मार्गही सांगितला. त्याच क्रमाने या दुःखाकडे आज पाहू या.

प्रथम आकडा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. ही झाली मृतांची संख्या. जे वाचले, घरी आले, पण पूर्वीचे राहिले नाहीत, त्यांची मोजदाद कोण करतो?

मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम. मऊ दह्यासारखा हा अवयव कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. गाडी धडकते, डोके थांबते, पण आतला मेंदू थांबत नाही. तो कवटीच्या भिंतीवर आपटतो. कधी रक्तवाहिनी फुटून गाठ होते. कधी रक्त दिसत नाही, पण मेंदूतील बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. अशी इजा सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून स्कॅन चांगला आला म्हणजे माणूस चांगला आहे, असे धरून चालू नये.

दुसरी गोष्ट. मार लागल्यावर माणूस उठून उभा राहिला, बोलला, चहा प्याला, म्हणजे धोका टळला असेही नाही. क्रिकेटपटू रमण लांबा यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय क्षेत्ररक्षण करताना चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. नंतर बेशुद्ध झाले आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाला वारंवार उलटी होत असेल, झोप आवरत नसेल, बोलणे अडखळत असेल, झटके येत असतील किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त येत असेल, तर एक क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. वृद्ध माणसांत तर साध्या पडण्यानंतर काही आठवड्यांनीही मेंदूवर रक्त साचलेले आढळते.

रुग्णालयात डॉक्टर शुद्धीचे गुण देतात. ही पद्धत १९७४ साली ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी घालून दिली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींवर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ गुण असतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. केसपेपरवर लिहिलेला हा छोटा आकडा पुढे दाव्यात फार मोलाचा ठरतो. त्या कागदाची प्रत मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे.

आता या दुःखाच्या गाभ्याकडे येतो. हात मोडला तर दिसतो. मेंदूची इजा दिसत नाही. माणूस चालतो, जेवतो, नमस्कार करतो, पण सकाळी काय सांगितले ते दुपारी विसरतो. क्षुल्लक गोष्टीवर भडकतो. गोंगाट सहन होत नाही. चार पायऱ्यांचे काम हाती घेतले तर दुसऱ्या पायरीवर हरवतो. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून स्फोटाने उडालेली लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु पूर्वीचा मनमिळाऊ, जबाबदार मुकादम राहिला नाही; त्याच्या मालकांनी त्याला ते काम पुन्हा दिले नाही. वैद्यकशास्त्राला हे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपासून माहीत आहे. आपल्या घरांत मात्र अशा माणसाला अजूनही आळशी, चिडका, डोक्यावर परिणाम झालेला म्हणतात. कुणी बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात हे घडू नये.

कायद्यालाही ही इजा चटकन दिसत नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला. त्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, असा हिशेब आहे. आठवण गेली तर किती, हे तक्त्यात नाही. आम्ही बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे फॉर्म भरून घेतो. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा. योजना चांगली आहे, प्रत्येकाने घ्यावी. पण तिच्यातही अपंगत्वाची व्याख्या डोळे, हात आणि पाय एवढीच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. मेंदूला झालेला मार हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. त्याचे जे परिणाम होतात, म्हणजे वाचा जाणे, लकवा, मानसिक आजार, त्यांवरून प्रमाणपत्र घ्यावे लागते.

याचा अर्थ दार बंद आहे असा नाही. तक्त्यात नसलेल्या इजेमुळे कमाईची ताकद किती गेली हे डॉक्टरने ठरवावे, अशी तरतूद त्याच १९२३ च्या कायद्यात होती. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटार अपघाताच्या निकालात हा प्रश्न पुष्कळ स्पष्ट केला. शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि त्यामुळे कमाई किती टक्के बुडाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालयाने सांगितले. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण कामातून जातो. कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून माणूस अपघातापूर्वी काय करत होता आणि आता काय करू शकतो, हे न्यायाधिकरणाने पाहिले पाहिजे. मेंदूच्या इजेला हेच तत्त्व लावावयाचे. परंतु न्यायाधिकरण पाहणार ते पुराव्याच्या कागदांवरून. जे दिसत नाही ते कागदावर दिसले पाहिजे. आजच्या भाषणात आम्हाला सांगावयाचे आहे ते एवढेच.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही. पस्तिशीचा एक गवंडी. त्याच्या दुचाकीला मालवाहू गाडीने मागून धडक दिली. बारा दिवस रुग्णालयात राहून तो घरी आला. हातपाय धड. लोक म्हणाले, वाचला, नशीब. काही आठवड्यांनी तो पत्नीसह पैसे काढायला बँकेत आला. विड्रॉल फॉर्मवरची सही नमुना सहीशी जुळेना. तीनदा केली, तिन्ही वेगळ्या. त्याने फॉर्म फाडला, ओरडला आणि मग सगळ्यांसमोर रडू लागला. पत्नी म्हणाली, "भाऊ, हे पहिले असे नव्हते जी." चौकशी केल्यावर कळले की तो ओळंबा धरू शकत होता, पण विटांचे किती थर झाले हे विसरत होता. परांचीवर चढला की चक्कर येत होती. ठेकेदाराने कामावरून बंद केले होते. डिस्चार्ज कार्डावर मात्र प्रकृती सुधारली असे लिहिलेले. पोलीस केस झाली म्हणजे पैसे आपोआप मिळतील, अशी त्या दोघांची समजूत. साडेचार महिने असेच गेले होते.

मग वस्तीतल्या दोन-तीन जणांनी मिळून कागद जमवायला सुरुवात केली. पासबुकात दर आठवड्याला भरलेल्या रकमा होत्या. पगारपत्रक नसलेल्या मजुराच्या कमाईचा तोच पुरावा. बँकेतील नमुना सही आणि अपघातानंतरच्या सह्या शेजारी ठेवल्या, की शब्दांची गरज उरत नव्हती. पत्नीने शाळेच्या वहीत रोजचे टिपण ठेवले: आज गॅस चालू ठेवला, आज घराचा रस्ता चुकला, आज मुलाला मारले. वहीसह त्याला मेंदूविकार तज्ज्ञाकडे आणि स्मरणशक्तीची चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे नेले. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला आणि मुदतीच्या आत दावा दाखल झाला. दाव्याचा निकाल यावयाचा आहे. पण आता ती इजा कागदावर आली आहे, कुणाला नाकारता येणार नाही.

आता मार्ग कोणते ते थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे.

अपघातात दुसरे वाहन असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा करता येतो. अपघात कुठेही होवो, आपण नागपूरचे रहिवासी असलो तर येथील जिल्हा न्यायालयात, सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात, दावा चालू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. तरी आपण सहा महिने हीच लक्ष्मणरेषा समजावी. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवावा, असा नियम आहे. तो गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारावे. जखमी माणूस स्वतः समजून अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या वतीने पत्नी, आई-वडील किंवा भाऊ यांना न्यायाधिकरणाच्या परवानगीने दावा चालवता येतो.

चूक कुणाची हे सिद्ध न करताही गंभीर जखमेसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद कायद्यात आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. स्वतःच घसरून पडलात, तर दुसऱ्याच्या विम्याचा उपयोग नाही. अशावेळी गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, ते पाहावे. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्यालाही त्या पॉलिसीतून संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खड्ड्याने पडलात तर? १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या गटारांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. त्यासाठी पडल्याची जागा, खड्ड्याचे छायाचित्र आणि पोलीस पंचनामा आवश्यक समजावा.

कामावर असताना इमारतीवरून किंवा यंत्रापाशी मार लागला, तर मालकाकडून भरपाईचा हक्क आहे. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि कामगार विम्याच्या योजनेची आखणी त्याच काळात झाली, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. रेल्वेतून पडून इजा झाली, तर रेल्वेची चूक दाखवण्याची गरज नाही. नागपुरातच रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे आणि मुदत एक वर्षाची आहे. दारू पिऊन पडलेल्याला मात्र हा लाभ नाही. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो बांधव रेल्वेने येतात. तिकीट काढा आणि जपून ठेवा, असे त्यांना आवर्जून सांगावे.

वकिलाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न नेहमी येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना, मुलांना आणि अपंगांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेले अनुसूचित जातीचे बांधवही यात येतात. कार्यालय न्यायालयातच असते आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. हा हक्क असताना भरपाईचा तिसरा-चौथा हिस्सा घेणाऱ्या दलालाच्या दारी का जावे?

उपचारांच्या खर्चासाठी मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातील जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, असे संरक्षण कायद्यात आहे. म्हणून रस्त्यावर पडलेल्याला पाहून पुढे जाऊ नये.

एक सावधगिरी. विमा कंपनी लवकर तडजोडीचा प्रस्ताव देते. पैशांची निकड असते, हात सही करायला उत्सुक असतो. परंतु मेंदूची इजा किती कायमची आहे हे पहिल्या काही महिन्यांत कळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तडजोडीवर सही करू नये.

भरपाई म्हणजे नुसता दवाखान्याचा खर्च, ही समजूतही काढून टाकावी. ऑक्टोबर २००७ मध्ये हरियाणातील एका बारा वर्षांच्या मुलीला ट्रकच्या अपघातात मेंदूची गंभीर इजा झाली. तिची समज जेमतेम नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. न्यायाधिकरणाने ११ लाखांच्या वर, उच्च न्यायालयाने २५ लाखांच्या वर रक्कम दिली. पालकांनी हार मानली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६२ लाख २७ हजार रुपये केली, व्याज वेगळे. त्यात दोन मदतनीसांचा अठरा पटीने मोजलेला खर्च होता, पुढील उपचार होते, बुडालेली कमाई होती, हरवलेल्या आयुष्याच्या आनंदाचे आणि विवाहाच्या संधीचेही मोल होते. ज्या आईने रात्रंदिवस सेवा केली तिच्या श्रमालाही किंमत आहे, हे या हिशेबातून आपण शिकावे. दाव्यात ते मागितले पाहिजे.

पैसे मिळाल्यावर नवीच संकटे येतात, हे आम्ही बँकेत पाहतो. दूरचे नातेवाईक जवळ येतात, कुणी प्लॉट दाखवतो, कुणी धंद्यात भागीदारी. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शनानुसार न्यायाधिकरणे अज्ञान मुले, निरक्षर आणि असमर्थ व्यक्तींची रक्कम मुदत ठेवीत ठेवावयास लावतात. व्याज दरमहा खात्यात येते; ठेवीवर कर्ज काढता येत नाही, मुदतीपूर्वी मोडायची तर न्यायाधिकरणाची परवानगी लागते. लोक आमच्यावर रागावतात, आमचाच पैसा आम्हाला का देत नाही म्हणून. पण तो पैसा विसाव्या वर्षी औषधाला पुरावा यासाठी ही व्यवस्था आहे.

मित्रहो, सर्वांत मोठी भरपाईदेखील गेलेली आठवण परत आणत नाही. म्हणून अप्रमाद हाच पहिला मार्ग. हेल्मेट घाला, त्याचा पट्टा बांधा, मागे बसणाऱ्यालाही द्या. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते रस्त्यावर पाळले तर कितीतरी घरे वाचतील. जयंतीच्या मिरवणुकीत विनाहेल्मेट गाड्या पळवणाऱ्या तरुणांना ज्येष्ठांनी प्रेमाने पण ठामपणे थांबवावे.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. कायद्याच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे एक छोटे पथक तयार करावे. वस्तीत कुणाला अपघात झाला की आठवडाभरात त्या घरी जावे, पोलीस आणि दवाखान्याचे कागद एका फाइलमध्ये लावावे, घरातल्या शिकलेल्या मुलीच्या हाती वही द्यावी, फाइलवर सहा महिन्यांची तारीख लाल शाईने लिहावी. पाली भाषेत सती या शब्दाचा अर्थ स्मृतीही आहे आणि सजगताही. ज्याची स्मृती अपघाताने गेली, त्याच्यासाठी समाजाने सजग राहावे, त्याची आठवण आपण लिहून ठेवावी. अशी फाइल हातात घेऊन न्यायमंदिराची पायरी चढणारा माणूस भीक मागायला जात नाही, बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या राज्यात आपला हक्क मागायला जातो.

 जय भीम! नमो बुद्धाय!